दोन्ही गुडघे, याच वर्षी

मंजुषाला एक वाईट खोड होती. एखादी गोष्ट समजली नाही की "असू दे" म्हणून ती सोडून देणं तिला जमायचं नाही. वर्ध्याच्या एका कॉलेजात ती क्लार्क होती. बोनाफाईड, टीसी, फी माफीचे अर्ज यांतच तिची नोकरीची सगळी वर्षं गेली. तिच्या खिडकीवरून एकही पोरगा अर्ज न समजता परत गेला नाही. काही बिचारे तर समजल्यावरही जाऊ शकत नसत, कारण बाईंचं सांगणं संपलेलं नसायचं. कॉलेजात या गुणाचं कौतुक व्हायचं. सासरी मात्र याच गुणाला चिकटपणा म्हणत.

सासर आंजी मोठीचं. सासरे बबनराव, सासू रुख्माबाई आणि भासरे, म्हणजे थोरले दीर, माणिक, असं तिथलं घर. मंजुषाचा नवरा आदेश हा धाकटा. तो शाळेत विज्ञान शिकवायचा आणि ही दोघं वर्ध्याला लागून नालवाडीत राहायची. शेती, घर आणि गावातले सगळे मानपान माणिकने सांभाळलेले. माणूस लाखमोलाचा, पण त्याला दिलदारीचं व्यसन होतं. लग्नात शेवटची पंगत उठली तरी हा आचाऱ्याला आणखी दोन घाणे काढायला लावणार. "आपल्या घरचं काम आहे, कमी पडलं नाई पाह्यजे," हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि ते तो इतक्या प्रेमाने म्हणायचा की कोणी आडवं बोलत नसे.

कोरोना ओसरल्यावर मंजुषाने हट्टाने सासू-सासऱ्यांची आरोग्य विम्याची पॉलिसी काढली, प्रत्येकी पाच लाखांची. एजंट घरातलाच होता, आदेशचा मामेभाऊ भैय्याजी. अर्ज भरताना रुख्माबाईंच्या गुडघ्यांचा विषय निघाला.

"वहिनी, गुडघे दुखतात हे लिहू नका," भैय्याजी म्हणाला. "हप्ता वाढते कायले त्याच्यापायी?"

"दुखतात ना पण? मंग लिहा. आज लपवलं तं ऐन वेळी तेच समोर येईन."

भैय्याजीने तोंड वाकडं करून लिहिलं. हप्ता वाढला. वर कागदावर असंही आलं की गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं पॉलिसीत बसणार नाही. दोन वर्षं पुरी झाली की बसेल. माणिकने ते ऐकून कपाळावर हात मारला. त्याच्या मते मंजुषाने स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता.

पुढच्याच वर्षी बबनराव आर्वी रोडवर मोटरसायकलवरून घसरले आणि हात मोडला. रॉड टाकायची होती. माणिकने त्यांना वर्ध्यात नेलं आणि हॉस्पिटलमधली सगळ्यात मोठी खोली घेतली. त्याचंही एक कारण होतं. आमच्याकडे कोणी दवाखान्यात पडलं की त्याला भेटायला जाणं हे नातेवाइकाचं काम असतं, आणि गावाचंही. गाड्या भरभरून माणसं येतात. पेशंटला पाच मिनिटं बघतात आणि खोलीला पंधरा. सोफा आहे का, एसी आहे का, टीव्ही केवढा. मग गावात जाऊन पेशंटची तब्येत एका वाक्यात आणि खोली दहा वाक्यांत सांगतात. माणिकला हे पक्कं ठाऊक होतं. बाप मोडक्या हाताने चार लोकांच्या वॉर्डात पडलाय हे गावाने पाहणं त्याच्याच्याने सोसलं नसतं.

बबनरावांचा हात छान जुळला. पण बिलातले जेमतेम साठ टक्के विमा कंपनीने दिले आणि बाकीचे घरातून गेले. आंजीत एकच आवाज उठला, कंपनी चोर आहे. भैय्याजी महिनाभर आंजीला फिरकला नाही.

मंजुषाला मात्र जेवण जाईना. पाच लाखांची पॉलिसी आणि दीड लाखाच्या बिलात असे पैसे कापतात, याला काहीतरी नियम असलाच पाहिजे. ती पॉलिसी घेऊन बसली. कॉलेजात जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून कंपनीच्या नंबरवर फोन लावायची. तिकडून पोरगी म्हणायची, "मॅडम, प्रपोर्शनेट डिडक्शन झालंय." मंजुषा म्हणायची, "बाई, ते मला मराठीत सांग." तीन-चार पोरी बदलल्या. शेवटी एका धीराच्या पोरीने सावकाश समजावलं आणि मंजुषाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आनंदाच्या भरात तिने त्या पोरीला नालवाडीला जेवायला बोलावलं, ती पोरगी कुठल्या शहरातून बोलत होती तेही न विचारता.

रविवारी ती आंजीला गेली आणि सगळ्यांना बसवलं.

"कंपनी चोर नाई. आपल्या पॉलिसीत खोलीची हद्द आहे. रोजचे पाच हजार. आपण घेतली आठ हजाराची."

"मंग वरचे तीन हजार कापाव. बाकीचे काऊन कापले?" माणिक म्हणाला.

"दादा, सेलूच्या लग्नात आपण मोठं लॉन घेतलं होतं, आठवते? तेव्हा लॉनवाल्यानं मांडव, लाइट, वाढपी सगळेच मोठ्या रेटनं लावले होते का नाई? दवाखान्यातही तसंच असते. खोली मोठी घेतली का डॉक्टरची फी, नर्स, ऑपरेशन थिएटर, सगळ्याचा रेट चढते. म्हणून कंपनी म्हणते, तुमची हद्द आठात पाच, तं या सगळ्या खर्चातही आठात पाचच देतो. औषधं अन् रॉड तेवढी सुटली त्याच्यातून."

लॉनचा हिशेब माणिकला तोंडपाठ होता. तोच भांडला होता लॉनवाल्याशी. त्याला सगळं समजलं, आणि समजलं म्हणूनच लागलं.

"म्हणजे चूक माही," तो म्हणाला.

"चूक कोणाचीच नाई दादा. आपल्याले माहीतच नोतं."

पण तो उठून गोठ्याकडे निघून गेला. बापाला चांगली खोली दिली हा त्याचा अभिमान होता आणि धाकट्या भावाच्या बायकोने सगळ्यांदेखत तो फुकट ठरवला, असंच त्याने घेतलं. मंजुषाला वाईट वाटलं. बरोबर असूनही वाईट वाटतं हे तिला त्या दिवशी कळलं, आणि तरीही आपण बोललो ते बरंच केलं असं तिचं मत राहिलं.

इकडे रुख्माबाईंचे गुडघे दिवसेंदिवस बिघडत चालले होते. ही बाई उभ्या जन्मात बसून राहिलेली नव्हती. आंजीत कोणाकडे बाळंतीण असो, कोणी आजारी असो, कोणाकडे वाईट झालेलं असो, रुख्माबाई पहिल्या दिवशी त्या घरी हजर. आता ती ओसरीवरच्या खुर्चीत बसून रस्त्याने जाणाऱ्यांना हाका मारायची. पाय कमानीसारखे वाकले होते. न्हाणीघरापर्यंत जायचं तरी भिंतीचा आधार लागायचा. "मले कोनाच्या दारात जाता येत नाई, याले काय जगनं म्हनतेत?" असं ती म्हणायची आणि डोळे पुसायची.

नागपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रेचे फोटो पाहून सांगितलं, दोन्ही गुडघे बदला. आधी एक, मग तीनेक महिन्यांनी दुसरा. एकच बदलून दुसरा तसाच ठेवला तर चाल सरळ व्हायची नाही आणि नव्यावरही भार येईल. माणिक लगेच तयार झाला. मंजुषा म्हणाली, "थांबा." पॉलिसीची दोन वर्षं भरायला अजून काही महिने होते.

आणि मग आंजीत सुरू झालं. सून सासूचं ऑपरेशन टाळते. नोकरीवाली आहे, पैसे सुटत नाहीत. म्हातारी रांगत राहिली तरी हिला पॉलिसी प्यारी. ही बोलणी फिरून फिरून नालवाडीपर्यंत यायची. सर्वांत जास्त झोंबलं ते रुख्माबाईंनीच शेजारणीला म्हटलेलं, "मंजू चांगली हाये, पन हात आखडून चालते." आदेशने ते सांगितलं तेव्हा मंजुषा भाजी निवडत होती. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. तिला राग आला होता आणि रडूही आलं होतं. सगळ्यांसमोर एकदाच ओरडून सांगावं असं वाटत होतं की अगं बाई, हा हात तुमच्या दोन्ही पायांसाठी आखडलाय!

हिशेब सरळ होता. खोलीच्या हद्दीत राहिलं तर एका गुडघ्याचं बिल अडीच लाखांच्या आत बसत होतं, म्हणजे दोन्ही गुडघे पाच लाखांच्या एका वर्षात होत होते. दर बिलाचा दहावा हिस्सा घरातून द्यायचा, अशी पॉलिसीची अट होती. त्यासाठी मंजुषा आणि आदेशने बाजूला पैसे ठेवले होते, बरोबर दोन गुडघ्यांपुरते. मोठी खोली घेतली की हे सगळे पैसे पहिल्याच गुडघ्यात संपणार आणि दुसरा लटकणार. कधीपर्यंत, ते कोणी सांगू शकत नव्हतं.

दोन वर्षं भरली. हिवाळा लागला. मंजुषाने नागपूरच्या हॉस्पिटलला फोन करून दोन खाटांच्या शेअरिंग खोलीचं पक्कं केलं, कंपनीकडून मंजुरीसाठी कागद पाठवायला लावले. कंपनीने विचारलं की गुडघे कधीपासून दुखतात. डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीत पॉलिसीच्या आधीची तारीख होती आणि अर्जातही दुखणं तसंच लिहिलेलं होतं. दोन दिवसांत मंजुरी आली. त्या दिवशी भैय्याजी स्वतःहून पेढे घेऊन आला आणि "मी तं आधीपासून म्हनतच होतो, खरं लिहा," असं आदेशला सांगून गेला. मंजुषाने त्याला चहात साखर जास्त घातली.

ॲडमिट व्हायच्या दिवशी आंजीहून दोन गाड्या निघाल्या. गावाने रुख्माबाईंना ओवाळून पाठवलं होतं. हॉस्पिटलच्या काउंटरवर मुलगी म्हणाली, "शेअरिंगची एकही खाट रिकामी नाही."

"मी परवाच पक्कं केलं होतं," मंजुषा म्हणाली.

"हो मॅडम, पण काल इमर्जन्सी आल्या. डिलक्स रिकामी आहे. तुमचा इन्शुरन्स आहे ना? मग काय प्रॉब्लेम? एक-दोन दिवसांनी शेअरिंगमध्ये शिफ्ट करून देऊ."

आता सगळी आंजी मंजुषाकडे बघायला लागली. माणिकने खिशातून पेन काढलं होतं. त्याने मुळीच वाद घातला नाही, उलट फार मऊपणाने म्हणाला, "मंजुषा, एका दिवसाचाच सवाल आहे. सही करून टाकू. मायले किती वेळ चाकाच्या खुर्चीत बसवून ठेवशीन?"

"दादा, उद्या सकाळी ऑपरेशन आहे. आज डिलक्समंदी गेलो तं ऑपरेशनचं अख्खं बिल डिलक्सच्या रेटनं लागन. परवा शिफ्ट होऊन काय उपयोग?"

"लागू दे मंग! लोक काय म्हनतीन? इथपर्यंत आनून परत नेली?" त्याचा आवाज चढला. मागे आंजीच्या बायका कुजबुजल्या. आदेश मान खाली घालून उभा होता. भाऊ आणि बायको यांच्या मधोमध उभं राहायची त्याला चांगली सवय होती. चूक निघाली तर, उद्याचा डॉक्टर हुकला तर, खाट महिनाभर मिळाली नाही तर, आयुष्यभर हे तिच्या माथी बसलं असतं. तरीही पेनाकडे तिचा हात गेला नाही.

खुर्चीतून रुख्माबाईंनी हाक मारली. "मंजू, इकडं ये व."

मंजुषा तिच्यासमोर खाली बसली.

"मले एकच सांग. हे मोठी खोली घेतली तं माहा दुसरा गुडघा होईन का?"

गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण मंजुषाला ते येत नव्हतं. "यंदा नाई होनार आई. ठेवलेले पैसे याच गुडघ्यात जातीन. दुसऱ्यासाठी मंग केव्हा जमन ते मले नाई सांगता येत."

"अन् दोन खाटांची भेटली तं?"

"तं दोन्ही. याच वर्षी."

रुख्माबाईंनी आपल्या वाकड्या पायांकडे पाहिलं. मग मागे उभ्या असलेल्या सगळ्या गावाकडे पाहिलं. ही बाई गावाच्या बोलण्याला घाबरणाऱ्यांतली होती, आयुष्यभर त्याच धाकात राहिलेली. पण त्या दिवशी तिने पदर सावरला आणि मोठ्याने म्हणाली, "माणिक, गाडी काढ. खाट खाली झाली का येऊ."

"माय, अवं..."

"मले दोन पाय आहेत. एकच कायले सुधरवू? काढ गाडी."

त्या क्षणी मंजुषाला जे वाटलं ते तिने नंतर कोणालाच सांगितलं नाही. सासूच्या खुर्चीची मूठ धरून ती हॉस्पिटलच्या दारातून बाहेर पडली आणि तिला वाटलं, आपण हरून नाही, गुलाल उधळत चाललो आहोत.

परतताना बुटीबोरीपाशी माणिकने एकदाच "इज्जत गेली" एवढं म्हटलं, आणि मागून रुख्माबाई म्हणाली, "माही इज्जत माह्या पायात हाये. तू समोर पाहून चालव." ती आंजीला गेली नाही. नालवाडीलाच थांबली. गावात काय बोललं जात होतं ते फोनवरून कळतच होतं. मंजुषाने सासूचा फोन चार्जिंगला लावायचा विसरल्यासारखं केलं. सकाळी कॉलेजला जाताना आणि संध्याकाळी परतताना ती हॉस्पिटलला फोन करायची. काउंटरवरची मुलगी आता तिचा आवाज ओळखायला लागली होती. आठवडा संपायच्या आत एका सकाळी त्या मुलीचाच फोन आला, "मॅडम, खाट रिकामी झाली. तुमच्यासाठी अडवून ठेवलीय, दुपारपर्यंत या."

या वेळी ओवाळणं नाही, दोन गाड्या नाहीत. रुख्माबाई, मंजुषा आणि दोघे भाऊ, असे चौघंच गेले. दुसऱ्या सकाळी उजवा गुडघा झाला.

आणि मग ती दोन खाटांची खोली! पलीकडच्या खाटेवर हिंगणघाटच्या प्रमिलाबाई होत्या. त्यांचाही गुडघाच, एक दिवस आधी झालेला. पहिल्या दिवशी दोघी कण्हत होत्या. दुसऱ्या दिवशी सुनांची तुलना झाली. तिसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारा आला, त्याने प्रमिलाबाईंना वॉकर धरून दारापर्यंत चालवलं, आणि रुख्माबाईंनी ते नुसतं पाहिलं.

"मी दारापावतर काऊन? मी तं त्या खिडकीपावतर जातो," ती म्हणाली.

"आजी, आज पहिलाच दिवस आहे तुमचा."

"मंग? थ्या बाईचा कालच होता ना?"

ती खिडकीपर्यंत गेली. दुपारी प्रमिलाबाई कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन आल्या. संध्याकाळी रुख्माबाई नर्सला न सांगता निघाली आणि लिफ्टपाशी सापडली. नर्सने मंजुषाला झापलं, मंजुषाने रुख्माबाईंना झापलं, आणि प्रमिलाबाई खाटेवर इतक्या हसल्या की त्यांना टाक्यांवर हात ठेवावा लागला. पुढे तर दोघींचे वॉकर एकाच वेळी कॉरिडॉरमधून निघायचे आणि वॉर्डातले बाकीचे पेशंट दारात येऊन बघायचे. "थ्या मोठ्या खोलीत एकटी पडली असती तं मी मरूनच गेली असती," रुख्माबाईंनी माणिकला ऐकवलं. "बोलू कोनाशी, टीव्हीशी?"

माणिक सुरुवातीला खोलीत यायलाच कचरत होता. आंजीचे लोक आले तर कुठे बसवायचं, हा घोर. मग हॉस्पिटलने सांगितलं की एका वेळी दोघांनाच आत सोडतील आणि पास लागेल. माणिकने ते पास आपल्या ताब्यात घेतले. खाली फाटकाशी खुर्ची टाकून तो आंजीच्या लोकांना दोन-दोन करून वर पाठवायचा, बाकीच्यांना चहा पाजायचा, आणि हिंगणघाटच्या प्रमिलाबाईंच्या लोकांनाही त्याच रांगेत लावायचा. त्याला आयुष्यात इतका मान कधी मिळाला नव्हता. चौकीदारसुद्धा त्याला विचारून गेट उघडायला लागला.

हॉस्पिटलमधून सुट्टी मिळाली त्या दिवशी काउंटरवर अंतिम बिल आलं. मंजुषाने आधी स्वतः वाचलं, मग माणिकच्या हातात दिलं. दहावा हिस्सा आपला. हातमोजे, टोप्या, डायपर असल्या किरकोळ गोष्टी पॉलिसीत नसतात, त्या आपल्या. बाकी सगळं कंपनीने दिलं होतं.

"अजून किती?" माणिकने काउंटरला विचारलं.

"काही नाही काका. झालं."

"म्हंजे बस एवढंच?"

"एवढंच."

माणिकने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग मंजुषाकडे वळला, आणि डोळ्यांत आलेलं पाणी लपवायला उगाच मोठ्याने बोलला, "मले आता थ्या सेलूच्या लॉनवाल्याचे पैसे परत पाह्यजेत!" मंजुषा हसता हसता रडली. किती दिवसांचं साठलं होतं, ते त्या काउंटरवरच मोकळं झालं.

फेब्रुवारीत डाव्या गुडघ्याची वेळ आली. या वेळी काउंटरवर पुढे माणिक होता. मुलीने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "शेअरिंग पाह्यजे. डिलक्स फुकट देशान तरी नको आमाले." मंजुषा मागे बाकावर आरामात बसली होती. तिला काही बोलावं लागलं नाही, आणि हे तिच्या आयुष्यात फार कमी वेळा झालं होतं. डावा गुडघाही उजव्यासारखाच पार पडला, त्याच पॉलिसीत, त्याच वर्षात.

उन्हं तापायच्या आधी रुख्माबाई आंजीला परतली. काठी हातात होती, पण ती टेकवण्यापेक्षा रस्त्यातली कुत्री हाकायलाच जास्त लागायची. एका रविवारी सकाळी मंजुषा आंजीला गेली तर सासू नवं लुगडं नेसून तयार.

"चाल माह्यासंग."

"कुठं?"

"भेटाले. सारे मले भेटून गेले, मी कोनाकडे गेली? गेल्या वर्षापासून किती घरची बाकी आहे माही."

आणि ती निघाली. पाय सरळ, पाठ ताठ. लहानूच्या घरी नातू झाला होता, तिथे जाऊन बाळाला पाहिलं. चंदनच्या म्हाताऱ्याला लकवा मारला होता, त्याच्या उशाशी बसून आली. जिथे गेली तिथे बायका दारात येऊन तिच्या पायांकडेच बघत होत्या. मंजुषा मागे मागे चालत होती. हीच ती घरं जिथे तिच्या चिकटपणाच्या गोष्टी झाल्या होत्या. तिला वाटलं होतं आज आपल्याला लाज वाटेल. पण सासूच्या चालण्याकडे बघता बघता तिची छाती नुसती फुगून आली होती.

शेवटी दोघी त्या शेजारणीकडे गेल्या, जिच्यापाशी रुख्माबाई कधी काळी मन मोकळं करायची. तिने चहा टाकला. चहा देता देता तिने विचारलंच, "रुखमाबाई, खोली मंग लहानच घेतली म्हनतेत? दोन दोन पेशंट होते एका खोलीत?"

मंजुषाने मान खाली घातली. रुख्माबाईंनी कप खाली ठेवला, खुर्चीच्या हाताला न धरता उभी राहिली, आणि म्हणाली, "खोली कायले पाह्यतं व? मले पाह्य. मी म्हनत होतो ना तुले, सून हात आखडून चालते? तिनं हात आखडला म्हनून मी पाय पसरून चालून राह्यली. सांगजो साऱ्यायले."

एवढं बोलून ती अंगण ओलांडून, फाटक उघडून रस्त्याला लागलीसुद्धा. मंजुषाला अर्धा चहा तसाच टाकून तिच्यामागे धावावं लागलं.